पक्की सीट

लातूरला मला महानंदा अशी हाक कुणीच मारत नसे. तिथं मी मंजूची आई. वरच्या मजल्यावर अपूर्वाची आई, खाली आणखी कुणाकुणाच्या आया. नवरे आपापल्या गावी, आणि आम्ही पोरांच्या क्लासपायी दोन खोल्यांत संसार मांडून बसलेल्या. सगळ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या एकदमच व्हायच्या, कारण क्लास एकदमच सुटायचे. बाहेरून येणाऱ्याला ते वसतिगृह वाटलं असतं, आयांचं.

आमचं गाव मुदखेड. यांचा, म्हणजे मंजूच्या पप्पांचा, संगमेश्वर यांचा, हळदीचा व्यापार. हा माणूस माल घेतो आणि गोदामात ठेवून देतो. आज भाव बरा आहे म्हटलं तर म्हणतो, थांब, अजून चढेल. कधी चढतो, कधी पडतो, पण यांचा जीव काही वरखाली होत नाही. रविवारी लातूरला येत, मंजूला "कसा चाललाय अभ्यास?" एवढं विचारत आणि जेवून झोपत.

मंजूनं नीटची परीक्षा दुसऱ्यांदा दिली होती. या खेपेला गुण असे आले की धड हसता येईना, धड रडता येईना. एमबीबीएसला जरासे कमी, दातांच्या डॉक्टरकीला पुरेसे. मग सुरू झालं ते याद्यांचं. आज यादी लागणार, उद्या लागणार, पुढं ढकलली, सुधारित लागणार. पोरगी अंघोळीला जातानासुद्धा मोबाईल माझ्या हातात द्यायची आणि आतून ओरडायची, "आला का काही मेसेज?" घास तोंडात असताना उठायची. विंचरताना केसांचा झुपका निघायचा आणि ती तो माझ्यापासून लपवून केराच्या डब्यात टाकायची. मला ते दिसत होतं. एकदा म्हणाली, "आई, तिसऱ्यांदा बसायला नको लावू मला." मी म्हटलं, "कोण लावतंय तुला?" पण तिचे पप्पा लावू शकले असते, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

पहिल्या फेरीत तिला नांदेडचं दातांचं कॉलेज लागलं. मला हायसं वाटलं. नातेवाइकांचे फोन आले. "दाताचंच का?" असं विचारणाऱ्या माझ्या नणंदेच्या तोंडात स्वतःचे चार दात बसवलेले आहेत, पण ते असो.

यात एक मेख होती. प्रवेश घेऊन नुसतं गप्प राहिलं, तर ही सीट हातात राहते आणि नावही पुढच्या फेऱ्यांत जातं. एमबीबीएस लागलं की ही आपोआप सुटते. पण रिटेन्शनचा फॉर्म भरला, की सीट कायमची आपली आणि पुढच्या याद्यांतून नाव बाद. हे म्हणाले, "तो फॉर्म अजिबात भरायचा न्हाई. हातातलं हातात ऱ्हातंय, वरचं आलं तर आलं." हिशेब अगदी बरोबर होता. एरवी यांचे हिशेब कुठं चुकतात?

प्रवेशाच्या दिवशी आम्ही तिघं नांदेडला गेलो. कॉलेजात ही गर्दी. आमचा नंबर आला आणि नेमका यांना फोन आला, कुणीतरी हळदीचं गिऱ्हाईक. हे व्हरांड्यात गेले. टेबलावरच्या मॅडमनी कागद तपासले, शिक्के मारले आणि विचारलं, "रिटेन्शन करायचंय?"

मंजूनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांखाली काळं, ओठ सोललेले. "आई, भरून टाकू का?"

"भर," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. तिनं सही केली, पालक म्हणून खाली मी केली. हे फोन संपवून आले तेव्हा मॅडम पुढच्या मुलीचे कागद बघत होत्या.

यांनी माझ्या हातातली पावती वाचली, घडी घातली आणि खिशात टाकली. गाडीत मात्र तोंड उघडलं. "दोन मिन्टं थांबाया काय झालं व्हतं तुमाला? सीट पळून चालली व्हती का?"

"पोरगी पळून चालली व्हती," मी म्हटलं. "झोप न्हाई, जेवण न्हाई. हळद हाय का ती, गोदामात टाकून भाव बघायला?"

"दोन वरीस लातूरला ठिवलं ते कामून मग?"

"मलाबी तेच कळून नाही राहिलं."

मंजू मागच्या सीटवर होती. मी वळून बघितलं तर झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. माझा सगळा राग निवला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

लातूरची खोली आम्ही सोडली. मंजू नांदेडच्या हॉस्टेलला राहू लागली आणि रविवारी रेल्वेनं मुदखेडला यायची. रंग पालटला पोरीचा. मेणाचे दात कोरून आणायची, मला दाखवायची. हे गंभीर चेहऱ्यानं तो दात हातात घेऊन बघायचे आणि म्हणायचे, "चांगला हाय." बास. अबोला नव्हता, पण माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

पुढं तिसऱ्या फेरीची यादी लागली, त्या दिवशी अपूर्वाच्या आईचा, तारामतीचा, फोन आला. अपूर्वाला एमबीबीएस लागलं होतं. लांबच्या कुठल्या जिल्ह्यात नवं सरकारी कॉलेज निघालं होतं, तिथं. तारामती रडत होती, हसत होती. "आम्ही कुठलंच घेतलं नव्हतं हो, नुसतं बघत बसलो व्हतो. लई खाली आली यादी." मग एकदम थांबली. दोघींची कॅटेगरी एकच, आणि गुण मंजूचे जास्त, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. "मंजूचं कसं चाललंय?" तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, छान चाललंय. अभिनंदन केलं, अपूर्वाला आशीर्वाद सांगितला आणि फोन ठेवून ओट्याला धरून उभी राहिले.

हे दुपारीच घरी आले. यादी यांनीही बघितली होती. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी होते. हे म्हणाले, "मंजूला सांगू नको," आणि चहासुद्धा न घेता परत गेले.

रविवारी मंजू आली. आम्ही दोघं असे गोड बोलत होतो की कुणालाही संशय यावा. यांनी तर तिला मेसच्या भाजीबद्दल विचारलं, जे या माणसानं जन्मात कधी विचारलं नव्हतं. मंजूनं ताटावरून मान न उचलता सांगितलं, "पप्पा, यादी मी बघितलीय. लागल्या लागल्या बघितली."

मग यांचा बांध फुटला. बोट माझ्याकडं. "हिनं केलं हे! ही मधी पडली नसती तर आज पोरगी डॉक्टर..."

"पप्पा, सही माझी हाय," मंजू म्हणाली. "आईनं खाली फक्त केली."

हे उठून बाहेर गेले. चपला घालायचंही भान नव्हतं.

मला वाटलं, पोरगी माझ्या बाजूनं उभी राहिली. मला भरून आलं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "जाऊ दे गं. तुला नको झालं होतं म्हणून तर आपण भरला. तूच म्हणालीस ना?"

"मी म्हटलं नव्हतं, आई. मी विचारलं होतं."

मी तिच्या ताटातली वाटी उगाच सरळ केली.

"तू 'थांब' म्हणशील असं वाटलं होतं मला. थांब मंजू, होईल तुझं. तू एवढ्या पटकन 'भर' म्हणालीस, मला वाटलं, आईलाबी आता वाटत न्हाई माझं होईल म्हणून." ती पोळीचे तुकडे करत होती, खात नव्हती. "मग कशाला थांबायचं, म्हणून भरला."

"तुझे हाल बघवत नव्हते गं मला," मी म्हटलं. ते खरंच होतं. देवाशपथ खरं होतं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. चिडून नाही. चिडून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

पाचच्या रेल्वेला तिला सोडायला मीच गेले. प्लॅटफॉर्मवर फारशी माणसं नव्हती. गाडी लागली, ती डब्यात चढली, खिडकीशी बसली आणि गजांतून माझा हात धरून म्हणाली, "आई, खरं सांग. तेव्हा तुला वाटत होतं का, माझं होईल म्हणून?"

"हाव," मी म्हटलं.

पण पटकन म्हणता आलं नाही. मधे जो वेळ गेला तो तिनं ऐकला. तिनं माझा हात सोडला, पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी हलेपर्यंत आम्ही दोघी मेसच्या भाजीविषयी बोलत राहिलो.