परत आलेली बस

वैद्यांनी रेडिएटरच्या टाकीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. बसवाली बाई, तिचा ड्रायव्हर आणि वैद्यांचा धाकटा भाऊ, तिघेही गप्प उभे राहिले. वैद्य वास घेत असताना कुणी बोलायचं नाही, हा या गॅरेजचा दंडकच होता.

वैद्य हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाण्याचा नुसता वास घेऊन ते इंजिनाचं दुखणं सांगत, म्हणून ड्रायव्हरांनी ठेवलेलं ते नाव. पाण्याला जळका वास असला तर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट गेलं, डिझेलचा असला तर इंजेक्टरचा कप. कप म्हणजे हेडमध्ये घट्ट बसवलेली बोटभर पितळी नळी. आतून डिझेल फवारणारा इंजेक्टर, बाहेरून पाणी. तिला केसाएवढी चीर गेली तरी डिझेल पाण्यात उतरतं. कप जागच्या जागी बदलता येतो, गॅस्केटसाठी मात्र अख्खं हेड खाली घ्यावं लागतं. त्यामुळे वैद्यांच्या नाकावर लोकांचा भारी जीव होता, आणि खरं सांगायचं तर वैद्यांचाही होता.

ही बस मागच्या आठवड्यात येऊन गेली होती. वैद्यांनी गॅस्केट सांगितलं, धाकट्याने हेड उतरवून ते बदललं. आणि आज तीच बस, तेच बुडबुडे, तसंच कमी होणारं पाणी. गेलेली गाडी परत येणं ही या धंद्यातली मोठी नाचक्की. बाईंच्या दोनच बस, त्यातली एक दारात उभी म्हणजे शाळेची निम्मी पोरं घरी.

"गॅस्केटच आहे," वैद्य डोळे उघडून म्हणाले. "नीट बसलेलं नाही."

म्हणजे धाकट्याने बसवलेलं नाही. बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. एवढी कसली घाई होती, असं त्यांनी त्याला सरळच विचारलं. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा बघतो म्हणाला. वैद्य फडक्याला हात पुसत राहिले. हात तसे स्वच्छच होते.

खरी गोष्ट अशी की वैद्यांना वास येत नव्हता. उन्हाळ्यात ताप आला, तो उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला. शेगडीवर दूध करपून घरभर वास सुटला तरी हे बाजूलाच पेपर वाचत बसलेले तिने पाहिले होते. भाऊजींना सांगून टाका, असं तिने तेव्हाच सुचवलं होतं. गेला तसा येईल, असं म्हणून वैद्यांनी विषय उडवून लावला. मग रोज सकाळी ते साबण नाकाला लावून बघत, आणि नंतर तेही सोडून दिलं.

दुपारी जेवताना त्यांनी बस परत आल्याचं सांगितलं. आपण काय बोललो तेही सांगितलं, कारण बायकोपासून काही लपवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. ती वाढता वाढता थांबली.

"भाऊजींवर ढकललंत?"

वैद्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"अहो, वास गेला तो तापानं. त्यात तुमचा काय दोष? पण हे तुम्ही केलंत."

एवढं बोलून तिने पोळी वाढली. वैद्यांना कित्येक दिवस जेवणाची चव नव्हतीच, आता घासही उतरेना. अर्ध्या ताटावरून उठले, तरी ती थांबा म्हणाली नाही.

गॅरेजमध्ये धाकट्याने हेडचे बोल्ट सैल करायला घेतले होते. बाई बाकावर बसून कुणाला तरी फोनवर उद्याही बस नाही असं समजावत होत्या.

"थांब," वैद्य म्हणाले. "हेड राहू दे. इंजेक्टर काढ आणि रेडिएटरला हवा मार."

धाकटा बघतच राहिला. हवा मारायचा तो हातपंप फळीवर धूळ खात पडला होता. ज्यांना नाक नाही त्यांचं खेळणं, असं त्याला वैद्यांनीच नाव ठेवलं होतं. त्याने मुकाट्याने पंप जोडला. वैद्य टॉर्च घेऊन एकेका इंजेक्टरच्या भोकात डोकावू लागले. पहिलं कोरडं, दुसरं कोरडं. तिसऱ्यात कपाच्या कडेला पाण्याचा थेंब जमला, मोठा झाला आणि ओघळला. मागोमाग दुसरा आला.

वैद्य सरळ झाले आणि बाईंपुढे जाऊन उभे राहिले.

"ताई, गॅस्केट यानं नीटच बसवलं होतं. चूक माझी आहे. मला उन्हाळ्यापासून वासच येत नाही."

बाईंनी फोन खाली घेतला. "मग सकाळी बोट नाकाला लावलंत ते?"

"सोंग."

बाईंना राग आला असणार, आणि तो रास्तच होता. पण त्यांनी फक्त बस कधी मिळेल एवढंच विचारलं.

खालच्या भोकात धातूचा कीस पडू नये म्हणून वैद्यांनी ग्रीस लावलेली चिंधी कोंबली. कपाच्या आत आटे पाडले, त्यात बोल्ट फिरवून कप वर ओढून काढला. चीर नखाला लागत होती. एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे, म्हणून सगळेच काढले. जागा घासून लख्ख केली, नव्या कपांना रबरी रिंगा चढवल्या आणि ते ठोकून बसवले. हात अजून तसाच चालत होता. धाकटा हवी ती वस्तू न मागता पुढे करत होता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "हेड उतरवलं तेव्हाच मला डिझेलचा वास आला होता. वाटलं, माझ्याच कपड्यांना येतोय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू गॅस्केट म्हणाला होतास."

वैद्यांनी पान्हा उगाचच पुन्हा एकदा आवळला.

पुन्हा हवा मारली तेव्हा पंपावरचा दाबाचा काटा खाली आला नाही. बाई बस घेऊन गेल्या, जाताना फक्त धाकट्याला नमस्कार करून. मग एक ट्रकवाला आला. त्याचंही पाणी कमी होत होतं.

"वैद्य, जरा बघा बरं वास घेऊन."

वैद्यांनी टाकीचं झाकण उघडलं आणि बाजूला झाले. धाकटा आधी जागचा हलेना. मग त्याने बोट विजारीला पुसलं, पाण्यात बुडवलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. ट्रकवाला काहीतरी विचारायला लागला, तेव्हा वैद्यांनी हाताने त्याला गप्प केलं आणि झाकण हातात धरून स्वतःही गप्प उभे राहिले.