माप घेण्याआधी

सरकारी कागदावर तो शिवणवर्ग होता, म्हणून खोडाळ्यात कोणी हरकत घेतली नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींना एकमेकांशी नीट वागायला शिकवणारा वर्ग, असं खरं लिहिलं असतं तर एकोणऐंशी साली तरी मंजुरी आली नसती. शिकवायला होत्या जव्हारच्या युसुफ टेलरांच्या कन्या, झरीनाबाई.

मुलगे मुलग्यांची मापं घेत, मुली मुलींची. नियम सगळ्यांना एकच. आधी विचारायचं, "माप घेऊ का?" समोरचा "हो" म्हणाला तरच टेप लावायचा. गप्प राहिला तरी नाही. पहिला महिना वर्ग नुसता "नाय" म्हणायला शिकला. तपासणीच्या साहेबांनी शेरा मारला : तयार कपडे, शून्य.

आणि बाजाराच्या दिवशी वर्गातल्याच जिवानं ठकीचं मनगट धरलं. चार माणसांत मनगट धरलं की लग्न ठरलं, अशी तिथल्या म्हाताऱ्यांची समजूत. जिवाच्या बापानं लगेच लग्नाची ताडी सांगून टाकली.

पंच बसले. ठकी बाईंना सोबत घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मला इचारलं नाय."

"पोरीला कोन इचारतो?" पंचांतला म्हातारा फागू म्हणाला. "बाय, तुमी शिवण शिकवा."

"तेच शिकवते, फागूबाबा. तुमच्या अंगातली ही बंडी पोरांनी तुम्हाला विचारून बेतली, म्हणून नीट बसली."

"हात धरला तो धरला."

"मग आता विचारू दे त्याला. ठकीचं उत्तर येईपर्यंत मी इथंच बसते. डबा आणलाय."

बाईंनी खरंच डबा उघडला. भाकरी सावकाश खाल्ली. ऊन कललं. ताडी आली होती, आणि निकालाआधी पिणं पंचांना बरं दिसेना. शेवटी फागू जिवावर खेकसला, "इचार की रं."

जिवा स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, "येशील माझ्या घरी?"

"नाय."

सगळे जिवाकडे बघू लागले. त्यानं मान वर केली.

"बरं," म्हणाला.

हा शब्द शिकवायला बाईंना सगळ्यात जास्त दिवस लागले होते.

ताडी वाया गेली नाही. पण दुसऱ्या दिवशी फागूनं वर्गाला कुलूप घातलं. बाईंनी चार पोरींना हाताशी घेऊन स्वतःचं मशीन आणून बाहेरच्या ओट्यावर मांडलं आणि वर्ग वेळेवर सुरू केला. जिवा उशिरा आला.

"कुठं बसू?"

ठकीनं लांबच्या पायरीकडे बोट दाखवलं. तो तिथं जाऊन बसला आणि काजं करायला लागला.