ब्लीचला न भिणारं कापड

बँडवाल्याच्या कोटाची लाल बाही. सोनेरी गोंडा अजून लटकतोय.

छत्रीची एक काळी पाकळी.

शाळेच्या गणवेशाचं आकाशी शर्टिंग, खिशाएवढं.

लोकरीच्या मफलरची पट्टी. दुपारपर्यंत शेंबडासारखी झाली.

फ्लेक्सचा कोपरा, त्यावर कुणाच्या तरी मिशीचं टोक. मिशीला काही झालं नाही.

हिरवा रेशमी खण. वीस मिनिटांत भोक.

"व्हय वो, बाँबबिंब करायलाय काय गच्चीवर?" शेजारचा शामू, कठड्यावरून.

बाँब नव्हता. निपाणीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर पारमिता ऑक्टोबरच्या उन्हात एकवीस स्टीलच्या वाट्या मांडून बसली होती. प्रत्येक वाटीत ब्लीचचं पाणी, प्रत्येक पाण्यात एक चिंधी, प्रत्येक वाटीखाली एक चिठ्ठी. शेजारी खुर्ची टाकून तिची सासू बायडाबाई, डोक्यावर पदर, हातात झाडाची काटकी. काटकीनं ती चिंध्या ढवळत होती, भजी तळावीत तशी.

"ह्यो बी भ्याला," ती म्हणायची, आणि वाटी बाजूला सरकवायची.

हे सगळं आलं होतं नव्या कपड्यांतून.

बेळगावात पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो आणि जाताना घराघराच्या तोंडाला काळं फासून जातो. भिंतींवर शेवाळ, कठड्यांखाली काळे ओघळ, जिन्यावर निसरडं. पारमितानं दुकानातली हिशेबनिसाची नोकरी सोडली ती हे काळं पुसायला. पाण्याचं प्रेशर मशीन घेतलं. शेवाळावर ब्लीच मारायला तंबाखूच्या शेतात वापरतात तो पाठीवरचा फवारणीचा पंप घेतला. गुंडू आणि मष्णू, दोघं चाळिशीतले रंगारी, तिच्याबरोबर यायला तयार झाले. आणि पहिलं मोठं काम मिळालं: बेळगावच्या अनगोळ भागातलं रघुवीर वकिलांचं तीन मजली घर.

बायडाबाईची एकच अट होती.

"कामाला नवं कापड घालून जायचं. जुनंपानं घालून माझ्या उंबऱ्यातनं कुणी कामाला जायचं न्हाय."

"आई, ब्लीचच्या कामाला नवं कोण घालतंय?" संघर्ष म्हणाला. तो तिचा मुलगा, पारमिताचा नवरा, बँकेत नोकरीला.

"आपण घालतोय."

हा त्या घरचा कायदा होता. आधीच्या पिढीनं गावकीची कामं सोडली, तेव्हाच मालकांनी उतरवलेले कपडे घेणंही सोडलं. पुढं घरात शिक्षण आलं, नोकऱ्या आल्या, गच्ची आली, पण दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं सूतसुद्धा आलं नाही. बायडाबाईनं तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. बाकीच्या बायका वखारीत विटकी लुगडी नेसायच्या. ही धुवट, नीटस नेसून जायची आणि रोज संध्याकाळी तांबडी होऊन यायची. हसायचे लोक. हसू देत.

तर कापड निवडलं बायडाबाईनंच. गडद निळं, कारण रंग निळाच हवा. सुती, कारण घाम शोषतो. तिघांचे शर्ट-पँट शिवले, खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं नावं घातली. फोटो काढले.

आणि अनगोळात पहिल्याच दिवशी, नमुन्याची एक भिंत धुताना, पंप गळला.

पाठीवरचा पंप गळतो तो नेमका कमरेच्या वर. गुंडूच्या पाठीवर आधी एक ठिपका आला, मग बेट आलं, मग अख्खा नकाशा. निळ्याचं नारिंगी झालं. मष्णूच्या बाह्या गेल्या. वरून ओघळलेल्या पाण्यानं पारमिताच्या खांद्यावर शिंतोडे उठले.

"आक्का," गुंडू मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न करत म्हणाला, "माझ्या पाठीवर कुणी संत्री सोललीत काय गं?"

भिंत मात्र लखलखत होती. रघुवीर वकील खाली आले, भिंत बघून खूश झाले आणि मग त्यांची नजर कपड्यांवर गेली. सत्तरी ओलांडलेला माणूस, मऊ बोलणारा.

"अहो, असल्या कामाला नवे कपडे घालतात होय? थांबा."

ते आत गेले आणि गाठोडं घेऊन आले. व्यवस्थित घड्या घातलेल्या काळ्या पँटी, पांढरे शर्ट.

"कोर्टातले आहेत माझे. फाटलेलं एकही नाही. तुमच्या माणसांना कामाला होतील."

गुंडूनं पारमिताकडं बघितलं. मष्णूनं पाइप गुंडाळायला घेतला, गुंडाळलेलाच पाइप.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावता आले असते. पण वकिलांच्या चेहऱ्यावर काळजी होती, खरीखुरी.

"नको काका."

"लाजू नका हो."

"लाजत नाही. आमच्या घरात वापरलेले कपडे घेत नाहीत. राग मानू नका."

वकिलांचे हात गाठोड्याखाली तसेच राहिले. शेवटी ते म्हणाले, "सोमवारपासून काम धरा म्हणालो होतो ना मी? बघू. कळवतो."

तिघं टेम्पोनं निपाणीला निघाले. कोर्टातलं असो वा घरातलं, 'कळवतो'नंतर बहुतेक काही कळत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. हे काम गेलं तर दुसरं कोण देणार? अनगोळात एकाचं घर उजळलं की गल्ली विचारायला येते. एकानं नको म्हटलं की तेही गल्लीला कळतं.

घरी संघर्ष म्हणाला, "घ्यायचे होतेस. ब्लीचनं ते जाणारच होते."

"जाणार म्हणून घ्यायचं व्हय रं?" स्वयंपाकघरातून आवाज. बायडाबाई हात पुसत बाहेर आली. तिनं पारमिताचा खांदा उजेडाकडं वळवला, नारिंगी शिंतोड्यांवरून बोट फिरवलं. "तू न्हाय म्हणालीस?"

"व्हय आत्या."

"त्येंच्या तोंडावर?"

"व्हय."

बायडाबाईनं खांदा सोडला. मग म्हणाली, "पर हे बी आता नवं ऱ्हायलं न्हाय. हे घालून जायचं न्हाय. दुसरं कापड हुडका. जगात एवढं कापड हाय, एखादं तरी ब्लीचला भीत नसंल की."

म्हणून त्या वाट्या.

शुक्रवारी पारमिता निपाणीच्या बाजारात चिंध्या मागत फिरली. आधी जीभ रेटेना. मग रेटली. बँडवाल्यानं कारण न विचारता फाटक्या कोटाची बाही कापून दिली. छत्री दुरुस्त करणाऱ्यानं पाकळी दिली आणि वर सांगितलं, "लागली तर अजून न्या." कापडदुकानातल्या रचनानं मालकाकडं बघत बघत सहा ठाणांचे कोपरे कापले आणि प्रत्येकावर पेनानं नाव लिहिलं: सुती, टेरीकॉट, नायलॉन, जे काय असेल ते. सोळा जणांकडं गेली, सोळाही जणांनी दिलं. कुणी तिला वेडी म्हणालं नाही. एक म्हणाला, पण त्यानंही दिलं.

"वापरलेलं हाय की त्यातलं बरंच," संघर्ष गच्चीवर येऊन म्हणाला.

"भिजवायला चालतंय," बायडाबाई म्हणाली. "घालायला न्हाय. तू खाली जा."

शनिवार संध्याकाळपर्यंत सुती सगळं गेलं. टेरीकॉटचं अर्धं गेलं, म्हणजे त्यातलं सूत फिकटलं आणि टेरीनचा धागा राहिला, कापड पोळी लागल्यासारखं कबरं. नायलॉन पिवळं पडलं. पारमितानं वाट्यांचा फोटो काढून वकिलांना पाठवला. खाली लिहिलं: 'काका, बाजारात सोळा जणांनी तुकडे दिले, त्यांतून कापड शोधतोय. सोमवारी येऊ का, कळवा.'

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

ज्या वाटीकडं कुणाचं लक्ष नव्हतं, ती जयाबाईची. जयाबाई शाळांचे गणवेश शिवते. तिनं दिलेली चिंधी मुलांच्या पीटीच्या पँटची होती, शुद्ध पॉलिएस्टर, गडद निळी. रविवारी सकाळी बायडाबाईनं ती काटकीनं उचलली. रात्री तिनं उरलेल्या वाट्यांत निव्वळ ब्लीच ओतलं होतं, पाण्याचा थेंब नाही. तिनं ती पिळली, उन्हात धरली, तिच्याच कोरड्या ठेवलेल्या तुकड्याशेजारी ठेवली.

"पारू. इकडं ये गं."

निळी ती निळीच.

मग बायडाबाईनं तिचा छळ मांडला. शेवाळ चोळलं, गेलं. लोखंडाचा गंज चोळला, लिंबानं गेला. तंबाखू भिजवून चोपडली, कारण तिच्या मते ज्यावर तंबाखू टिकत नाही ते कापड खरं. गेली. मशीनचं ऑइल तेवढं थोडं राहिलं.

"ऱ्हाऊ दे. कामाची खूण पायजेच."

जयाबाईला बोलावलं. तिनं चिंधीचा एक दोरा काढून काडीनं पेटवला. दोरा जळून राख झाली नाही, आक्रसून कडक काळा मणी झाला. "पॉलिएस्टरच," ती म्हणाली. "पर आत उकडणार. काखंखाली जाळी लावते. इलॅस्टिक न्हाय घालायचं, ब्लीच त्येला खातंय. नाडी घालते. चेन पितळंची नको, प्लॅस्टिकची."

"दोरा?" बायडाबाईनं विचारलं.

जयाबाई थबकली. "बाई, हे माझ्या बी ध्यानात आलं नव्हतं. सुती दोऱ्यानं शिवलं असतं तर कापड ऱ्हायलं असतं आणि शिवण पांढरी पडून उसवली असती."

पारमिता दोघींकडं बघत राहिली. जयाबाई चौथी शिकलेली, आत्या तिसरीतून घरी बसलेली.

एवढ्यात खाली गाडी थांबली.

रघुवीर वकील सुनेबरोबर, निवेदिताबरोबर, कोल्हापूरला निघाले होते. वाटेत पत्ता विचारत आले. जिना चढताना दोनदा थांबले. गच्चीवर आले तेव्हा त्यांच्या हातात कागदी पिशवी होती. ती बघून पारमितानं सासूकडं बघितलं.

वकिलांनी पिशवीतून कापड काढलं. न शिवलेलं. कंपनीचा सोनेरी कागद अजून चिकटलेला.

"हे मी घातलेलं नाही," ते बायडाबाईकडं बघत म्हणाले. "शिवलेलंही नाही. सत्काराला मिळालं होतं. तुमच्यासाठी आणलं नाही. फोटो बघितला. सगळ्या बाजारानं एकेक तुकडा दिला, मला कुणी मागितलाच नाही. कात्री आहे का?"

जयाबाईनं आपली दिली. वकिलांनी त्या उंची सूटच्या कापडाचा कोपरा स्वतः कापला, वाकडातिकडा, आणि पारमितानं पुढं केलेल्या वाटीत टाकला.

सगळे बघत उभे राहिले. दहा मिनिटांत राखाडी रंग पिवळट झाला. पंधरा मिनिटांत तुकड्याची कड बुळबुळीत झाली. लोकर होती त्यात.

"आमचं भ्यालं म्हणायचं," वकील म्हणाले.

सर्वांत आधी बायडाबाई हसली. मग निवेदिता, मग जयाबाई, मग वकील, खांदे हलवून.

"उद्या या," ते डोळे पुसत म्हणाले. "सकाळी आठला. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही, म्हणून 'कळवतो' म्हणालो. माझीच चूक. या तुम्ही, जे घालून याल ते."

"जे घालून याल ते न्हाय," बायडाबाई म्हणाली. "नवं घालून येतील. शिवायला दोन दिवस लागत्यात. बुधवारी."

"बुधवार?" वकिलांनी मान डोलावली. "चाळीस वर्षं मी लोकांना तारखा घेऊन दिल्या. आज मला मिळाली."

बुधवारी बायडाबाईही टेम्पोत चढली. कुणी बोलावलं नव्हतं. अनगोळात वकिलांच्या अंगणात खुर्ची टाकून ती दिवसभर बसली. वरून काळं पाणी ओघळत होतं, पंप गळत होता, कारण पंप गळणारच. दुपारी गुंडू खाली उतरला, नखशिखांत भिजलेला.

"आक्का, आत घामाची आंघोळ चाललीया, पर भायेरनं नवरदेव हाय मी."

"फिर," बायडाबाई म्हणाली.

"काय?"

"पाठ फिरव रं."

तिनं त्याच्या कमरेवर, जिथं पंप गळतो त्या जागी, तळवा ठेवून सावकाश फिरवला. मग मष्णूच्या बाह्या बघितल्या. मग पारमिताचा खांदा. शिवणीसुद्धा बोटानं चाचपल्या. कुठंही काही नव्हतं. निळं, ओलं, नवं.

गल्लीतली दोन माणसं फाटकाशी येऊन वर बघत उभी होती. एकानं विचारलं, आमच्याकडं कधी याल?

पारमिताला सासूला काहीतरी म्हणायचं होतं. त्या घरात एकमेकांचे आभार मानायची रीत नव्हती. बाजारातल्या सोळाजणांना ती मनात म्हणून मोकळी झाली होती, वकिलांना समोरासमोर म्हणाली होती. इथं ती खुर्चीजवळ वाकली.

"आत्या, चहा घेणार?"

"घेते की," बायडाबाई म्हणाली, आणि तिचा खांदा धरूनच खुर्चीतून उठली.

१९६५ साली, कोगनोळीजवळच्या माहेरच्या खेड्यात, तिसरीच्या वर्गात शेजारी बसलेल्या मुलीनं बायडाबाईच्या अंगावरचा फ्रॉक आपला म्हणून ओळखला होता.