टाक्यावरचा तुंबा

"अरे झेफीर, आज तुझ्या घरचंच माणूस आलंय," ढोल काखोटीला मारून येत निल्स म्हणाला. "नीट पाहुणचार कर हो!"

झेफीर बादलीतल्या खाऱ्या पाण्यात चाबूक भिजवत होता. कोरड्या चामड्याला चिरा पडतात म्हणून रोज सकाळी हे काम आधी. त्याने मान वर केली नाही. या स्वीडिश शिपायाला सकाळी सकाळी थट्टेला कुणीतरी लागायचंच.

"कोण आलंय?"

"तुझी बहीण. युफेमी. मालकिणीने धाडलीय. तिचा नवरा होडी चोरून पळायला निघाला होता ना, तो लिंडोर? बाईने त्याला निवडुंगात लपवून खाऊ-पिऊ घातलं. आता तो कोठडीत आणि ती अंगणात."

झेफीरच्या हातातला चाबूक बादलीत सुटला.

गुस्ताविया या बेटावरच्या बंदरगावात फटक्यांचं काम मोठ्या शिस्तीत चाले. बंदरात माणसं विकणारे व्यापारी कुठकुठले, पण किल्ल्यावर झेंडा स्वीडनच्या राजाचा आणि प्रत्येक डोक्यामागे जकातही त्याचीच. गावातल्या सभ्य मालकिणींना घरात आरडाओरडा नको असे. त्या आपला गुलाम किल्ल्यावर पाठवीत. तिथे निल्स ढोल वाजवी आणि एका ठोक्याला एक फटका पडे. ढोल थांबला की चाबूक थांबायचा. असं सगळं तालासुरात चालल्यामुळे कुणाला आपण क्रूर आहोत असं वाटत नसे.

आणि चाबूक गुलामाच्याच हातात. गोऱ्या माणसाने तो धरला तर हात दुखतो ना!

झेफीरनेही तरुणपणी होडी चोरली होती. पकडला गेला, गळ्याला दोर लागायचा तेवढा बाकी होता. नेमका त्याच आठवड्यात आधीचा चाबूकवाला तापाने मेला आणि किल्लेदाराने विचारलं, "दोर की चाबूक?" प्रश्न पुरता व्हायच्या आत झेफीर "चाबूक" म्हणाला होता. जगायची घाई कुणाला नसते? पण आपल्या माणसांनी त्याला त्या दिवशीच मेल्यात जमा केलं.

त्या बेटावर ना नदी, ना विहीर. पावसाचं पाणी टाक्यात साठवायचं आणि जपून प्यायचं. संध्याकाळी काम सुटलं की गुलाम खालच्या टाक्यावर जमत. सगळ्यांत मिळून एक तुंबा, वाळक्या भोपळ्याचा. युफेमी तो भरायची आणि मग तो हातोहात, तोंडोतोंड फिरायचा. कड पुसायची नाही, असा रिवाज होता. पुसणं म्हणजे पुढच्याला परका म्हणणं. झेफीर रोज येऊन कडेच्या दगडावर बसे. तुंबा त्याच्या उजवीकडच्या माणसाकडून थेट डावीकडच्याकडे जाई. किल्ल्यात त्याला हवं तेवढं पाणी मिळे, पण त्याची तहान या तुंब्याची होती. एकदा तरी बहिणीने तो आपल्याकडे करावा, एवढ्यासाठी तो इतकी वर्षं त्या दगडावर झिजत होता. तिने त्याला साधी हाकसुद्धा मारली नव्हती.

तो अंगणात आला तेव्हा युफेमीला खांबाला बांधून झालं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि थुंकली. "ये. तुझं काम कर."

किल्लेदार हॉल्मग्रेन सावलीत खुर्ची टाकून कॉफी पीत होते. झेफीर त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला.

"साहेब, हिचे फटके माझ्या पाठीवर घाला. दुप्पट घाला. पण हिला मी नाही मारणार."

"नाही मारणार?" हॉल्मग्रेननी पेला खाली ठेवला. ते रागावले नाहीत. तसे ते कधीच रागावत नसत. "अरे, शिक्षा म्हणजे काय बाजारातली भाजी आहे, हिची त्याला द्यायला? तुला तुझे, तिला तिचे. निल्स, त्या लिंडोरला आण."

लिंडोरला बेड्यांसकट ओढत आणलं. डोळा सुजून बंद झाला होता, पायाला निवडुंगाचे काटे तसेच होते. हॉल्मग्रेननी त्याला तोच जुना प्रश्न विचारला.

"दोर की चाबूक?"

बहिणीला वाचवायला जाऊन आपण काय करून बसलो हे झेफीरला आत्ता कळलं.

लिंडोर बायकोकडे पाहून म्हणाला, "दोर. ही बांधलेली असताना मी चाबूक धरू? दोर आणा."

"घे!" युफेमी खांबावरून किंचाळली. "घे म्हणते ना तो चाबूक! मोठा मरायला निघालाय! तू लटकशील आणि मी काय करू? तुझं मढं बघत बसू?"

"युफेमी, अगं पहिला हा तुझा भाऊ आणि मग तू—"

"मला कळतंय! मेल्या, जगलास तर पुढचं बघू. घे!"

ती बोलून गेली आणि मग तिची नजर झेफीरवर गेली. आपल्या तोंडून काय निघालं ते तिला ऐकू आलं असावं. लिंडोरने चाबूक उचलला.

आधी झेफीर. युफेमीला सोडून त्याला खांबाला बांधलं. लिंडोरला चाबूक कुठे येत होता! पहिला फटका कानावर बसला आणि कान फाटला. दुसरा बरगड्यांना वेढून पोटावर आला. ढोल वाजत होता. झेफीरने खांबाचा दोर दातात धरला होता, तो तुटेपर्यंत चावला. पाठीची कातडी सोलून लोंबायला लागली, रक्त टाचांपर्यंत उतरलं, आणि ढोल थांबल्यावर हात सोडताच तो पोत्यासारखा खाली पडला.

मग युफेमीला पुन्हा खांबाला बांधलं. लिंडोरने पहिला फटका हळूच टाकला, जेमतेम लागेलसा. हॉल्मग्रेननी बोट वर केलं.

"हा हिशेबात धरायचा नाही. पुन्हा."

दुसराही हलकाच पडला. "धरायचा नाही."

झेफीर मातीत तोंड खुपसून पडला होता. असे न धरलेले फटके किती वाढत जातात आणि शेवटी माणूस कसा उरतो हे त्याने पाहिलं होतं, स्वतःच्या हातांनी केलं होतं. तो रक्ताची गुळणी टाकून ओरडला, "जोरात मार, गाढवा! दया दाखवलीस तर मरेल ती! जोरात मार!"

लिंडोरने डोळे मिटले आणि मारलं. युफेमी आधी मुकाट होती. मग ती ओरडली, आणि पुढे तिचा आवाज ढोलालाही झाकता आला नाही. लिंडोर हुंदके देत मारत होता, आणि प्रत्येक फटका नीट धरला जात होता.

झेफीरची रवानगी मिठागरात झाली. उघड्या जखमांवर मीठ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाठीवर खपल्या धरल्यावर एका संध्याकाळी तो टाक्यावर आला. दगडाकडे जाणार तोच थबकला. दगडावर लिंडोर बसला होता, किल्ल्याचा नवा सदरा घालून, मान खाली घालून.

युफेमीला अजून ताठ उभं राहता येत नव्हतं. तिने वाकूनच तुंबा भरला आणि सगळ्यांच्या आधी झेफीरपुढे धरला.

"दादा, घे."

झेफीरने तुंबा दोन्ही हातांनी धरला. तो प्यायला. गार पाणी घशातून उतरताना त्याला रडू फुटलं आणि त्याने ते लपवलं नाही. मग तुंबा पुढे गेला. लिंडोरच्या उजवीकडे म्हातारी डॉर्कस होती. तिने घोट घेतला आणि लिंडोरला ओलांडून तुंबा पलीकडे दिला.

"इकडे आण तो," झेफीर म्हणाला.

"त्याला नाही मिळायचा," डॉर्कस म्हणाली. "बायकोची पाठ सोललीय त्याने. बघ तिच्याकडे."

"बघितलंय मी. आण म्हणतो ना."

त्याने तुंबा घेतला आणि दगडापाशी जाऊन लिंडोरपुढे धरला. लिंडोरने हात मागे लपवले. "नको, दादा. या हातांनी नको."

झेफीरने मग तुंबा त्याच्या ओठांना लावला, आजाऱ्याला पाजतात तसा. लिंडोर प्यायला. अर्धं पाणी हनुवटीवरून नव्या सदऱ्यावर सांडलं. सगळे त्या ओल्या कडेकडे पाहत होते. आता हा तुंबा कोण तोंडाला लावणार?

युफेमी एक हात भिंतीला टेकवत, पाय ओढत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. झेफीरच्या हातून तुंबा घेतला, आणि कड न पुसता उरलेलं पाणी पिऊन टाकलं.