सगळ्यांचा वाढदिवस एक जून

सावळीराम गुरुजींनी आयुष्यात एकच तारीख हजार वेळा तरी लिहिली असेल, ती म्हणजे एक जून. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या आश्रमशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली. शाळा उघडली की आईबाप पोराला धरून आणायचे आणि जन्मतारीख विचारली की एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. कुणी म्हणायचं, भात लावत होतो तवा झाला. कुणी म्हणायचं, होळीच्या मागं झाली. आता यावरून रजिस्टरात काय लिहायचं, सांगा! गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं, आणि जन्म एक जूनचा. असे शाळेत सगळ्यांचेच वाढदिवस एका दिवशी, तेही ऐन सुट्टीत. म्हणून शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजी लिमलेटच्या गोळ्या वाटायचे. "घ्या रे, जन्मलेल्यांनो!" असं ओरडायचे आणि स्वतःच हसायचे.

निकिताचा कान मात्र हाताला लागला नव्हता.

तिला आणलं होतं आजीने, भागीबाईने. तिचा मुलगा बारकू आणि सून दिवाळी झाली की द्राक्षाच्या कामाला खाली दिंडोरी-ओझरकडे जायचे, ते उन्हाळ्यातच परत. "घ्या ना गुरुजी पोरीला. तिकडं दिवसभर उन्हात बांधावर बसती. इथं दोन टाइम जेवंल तरी." पोरगी पाच वर्षांची झालेली, सहाला अजून आठ महिने कमी. बोटं कानाच्या वर येऊन थांबली. गुरुजींनी तिच्या मनगटाला धरून हळूच खाली ओढलं, बोटं कानाला टेकवली आणि म्हणाले, "लागला की!" पोरगी खुदकन हसली. गुरुजींनी पेन उचलून तारीख लिहिली. खोटं लिहिलं, पण पोराच्या पोटासाठी लिहिलं. असं म्हणून त्यांनी तोवर कितीतरी वेळा स्वतःला माफ केलं होतं.

दुसरीत गेल्यावर निकिता पडायला लागली. प्रार्थना संपून सगळी पोरं ताडकन उठायची, ही मागे राहायची. आधी ओणवी व्हायची, मग गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभी राहायची. गुरुजींना वाटलं, कामचुकारपणा. एकदा त्यांनी तिला आळसाची राणी म्हटलं आणि सगळ्यांसमोर पाच उठाबशा काढायला लावल्या. तिसऱ्या उठाबशीला ती खाली बसली ती उठलीच नाही. पोरं हसली. गुरुजीही हसले होते, देवा, तेही हसले होते.

मग तालुक्याच्या डॉक्टरकडे रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे वाढलेले. झालं, कावीळ ठरली. सहा महिने गोळ्या, काढे, पथ्य. आजीने एका भगताकडून मुळी आणून गळ्यात बांधली. शेवटी शाळेत आरोग्य शिबिर लागलं, आणि नाशिकच्या डॉ. उज्वलांनी निकिताला फक्त जमिनीवरून उठताना पाहिलं. तपासणी अशी केलीच नाही. पोरगी मांडीवर हात टेकत उभी राहिली आणि बाईंचा चेहरा उतरला.

"गुरुजी, हे लिव्हर नाही. ते आकडे स्नायूंतूनही येतात. हिचे स्नायू झिजतायत."

रक्त दूर कुठल्या प्रयोगशाळेत गेलं. उत्तर यायला कित्येक महिने लागले. तोवर गुरुजी निवृत्त होऊन नाशकात म्हसरूळला राहायला आले होते, पण निकिताच्या मागे मात्र तेच. बारकूला काम सोडून यायला लावायचं, पोरीला रिक्षातून उचलून न्यायचं, सगळं तेच करत. मनातल्या मनात ते त्या पाच उठाबशा फेडत होते.

नोव्हेंबरात डॉ. उज्वलांनी गुरुजी आणि बारकूला समोर बसवलं. आजाराचं नाव लांबलचक होतं. बाईंनी सोपं करून सांगितलं, की भिंतीतल्या विटा आहेत पण त्यांना धरणारा माल शरीर बनवतच नाही, म्हणून भिंत ढासळते. लाखांत एखाद्याला होतो. आजवर औषध नव्हतं. आता एक संशोधन सुरू होतंय, शरीराला तो माल बनवायला लावणारं, हिच्यात नसलेलं जनुक सलाईनमधून एकदाच द्यायचं.

"बरी हुईल का वो?" बारकूने विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही. कुणालाच अजून माहीत नाही. पण आहे ते टिकलं, चालती राहिली, तरी पुष्कळ आहे." बाईंनी कागद उलटला. "एक अट आहे. औषध देतील त्या दिवशी मूल आठ वर्षांच्या आतलं पाहिजे. हिच्या आधारवर आठ वर्षं पाच महिने आहेत. म्हणून मला..."

"खोटं आहे ते!" गुरुजी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरची नर्स आत आली. "मी लिहिलंय ते. माझ्या हाताने. पोरगी साडेसात-पावणेआठची असेल."

बाईंनी कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी तुमच्यावर विश्वास ठेवते, गुरुजी. पण संशोधनवाले कागदावर विश्वास ठेवतात. तारीख दुरुस्त करून आणा, मी नाव धरून ठेवते."

तिथून पुढे सुरू झालं ते बघा. भागीबाईला एवढंच आठवत होतं, की पोर मळ्यावरच्या झोपडीत झाली, शिवरात्र सरली नि चौथ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी नर्सबाई येऊन सुई टोचून गेली होती. गुरुजी बारकूला घेऊन ओझरजवळच्या उपकेंद्रात तीन वेळा गेले. तिसऱ्या खेपेला कपाटाच्या तळाशी वाळवी लागलेलं रजिस्टर सापडलं. त्यात ओळ होती: बारकूची पत्नी, मुलगी, दोन किलो शंभर ग्रॅम, अठरा फेब्रुवारी. गुरुजींनी ती ओळ बोटाने पुन्हा पुन्हा वाचली आणि तिथेच डोळे पुसले. हातात तीन महिने होते.

पण आश्रमशाळांच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "नर्सच्या रजिस्टरवरून शाळेचं रजिस्टर बदलत नसतं, गुरुजी. तुम्हीच नव्हता का सांगत, एकदा लिहिलं की ब्रह्मदेव आला तरी खोडता येत नाही?"

खरंच, सांगायचे ते. दाखला बदलून मागायला आलेल्या आईबापांना हेच ऐकवून ऐटीत परत पाठवायचे. आता तेच वाक्य उलटून त्यांच्या थोबाडीत बसलं होतं. त्यांनी लिहून दिलं, मी जाणूनबुजून चुकीची तारीख नोंदवली. प्रतिज्ञापत्र झालं, वर्तमानपत्रात जाहिरात झाली, फाइल वर गेली, शेरा होऊन खाली आली, परत वर गेली. गुरुजींनी चपला झिजवल्या. ज्या साहेबांना ते एके काळी मास्तरकीच्या तोऱ्यात बोलले होते त्यांच्या नाकदुऱ्या काढल्या. फाइल सांभाळणारा कारकून दिनेश त्यांचाच जुना विद्यार्थी. तो चहा पाजायचा, फाइल वरच्या गठ्ठ्यात सरकवायचा आणि एकदा म्हणाला, "गुरुजी, माझी पण एक जूनच हाय." चेष्टा की दुःख, गुरुजींना कळेना.

खोटं लिहायला त्यांना अर्धं मिनिट लागलं होतं. मकरसंक्रांत गेली, सही व्हायची होती. शिवरात्र गेली, साहेब रजेवर. अठरा फेब्रुवारीला गुरुजी सकाळपासून कार्यालयाच्या पायरीवर बसून होते. संध्याकाळी शिपायाने कुलूप लावलं. पोरगी त्या दिवशी खरोखरची आठ वर्षांची झाली पण सरकारी कागदाला ते ठाऊक नव्हतं.

आदेश नऊ मार्चला निघाला. वरातीमागून घोडं! गुरुजींनी तरीही डॉ. उज्वलांना फोन लावला. त्यांनी आदेशाची तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाल्या, "पुढे दुसरं काही निघालं तर मी कळवीन. नक्की कळवीन." गुरुजींनीच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीने डोंगरात गेले. बारकू मळ्यावर होता. निकिता ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. आताशा ती शाळेत जात नव्हती. भागीबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्यांच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं.

"झाला का वो कागद?"

"झाला, भागीबाई." पुढचं त्यांनी तिला मान खाली घालून सांगितलं. म्हातारी रडली नाही. पदर तोंडाला लावून आत गेली आणि चुलीशी जाऊन बसली.

निकिताने तो कागद मागून घेतला, शिक्क्यावर बोट फिरवलं. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

"गुरुजी, माझा वाढदिवस बदलला?"

"हो बाळा. आता अठरा फेब्रुवारी."

"मंग मला जूनची गोळी नाय मिळायची?"

"मिळेल. दोन्ही मिळतील."

तिने कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही परत नाव घालाया आलाव? कान दाखवू?" आणि त्यांनी नको म्हणायच्या आत तिने उजवा हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला, कपाळाशी थरथरला, आणि तिथेच अडला. वर जाईना. तीन वर्षांपूर्वी थोडक्यात राहिला होता, तेवढाही गेला नाही. ती हसून पुन्हा जोर लावायला लागली.

गुरुजी खाली तिच्याजवळ बसले. त्यांनी तिच्या मनगटाला धरलं, हात हळूहळू डोक्यावरून नेला आणि बोटं डाव्या कानाला टेकवली.

"लागला!" निकिता म्हणाली.

"लागला की," गुरुजी म्हणाले, आणि तो हात त्यांनी कितीतरी वेळ खाली सोडला नाही.