बेल्ट जाळला कोणी?

आमच्या बाबांना सगळं सोसतं, फक्त "चूक तुमची आहे" एवढंच सोसत नाही. त्यांची जाड टायरची एटीव्ही, म्हणजे डोंगरात चालणारी चारचाकी बाईक, टेम्पोतून माझ्या गॅरेजला आली, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बेल्टच भिकार होता."

"तिसऱ्यांदा भिकार?"

"तूच बसवला होतास."

घ्या! म्हणजे गुन्हेगार मीच.

पण मला खरंच धास्ती वाटत होती. दादाने बजावलं होतं, आणखी एक बेल्ट जळाला की गाडी विकायची. आणि गाडी गेली की टेकडीवरचा मळा सुटला, कारण तो चढ आईबाबांच्या गुडघ्यांना झेपत नाही. मळ्याशिवाय ही दोघं दिवसभर घरात बसून काय करणार? भांडणार!

क्लचचं झाकण काढलं तर जळक्या रबराचा भपकारा आला. बेल्ट बाकी धडधाकट, फक्त एका जागी दोन्ही बाजूंनी खाल्लेला. म्हणजे गाडी हललीच नाही आणि इंजिन मात्र ओरडत राहिलं. अशा वेळी इंजिनची पुली फिरते आणि चाकं फिरवणाऱ्या, पण जागच्या जागी अडकलेल्या बेल्टला घासत बसते. ब्रेक आवळून रेस दिली की हे होणारच.

ब्रेकचे पॅड बघितले, तर तेही संपलेले. मी चक्रावले. उतारावर ब्रेक लावण्यातही ज्यांना अपमान वाटतो, त्यांनी पॅड संपवले?

"बाबा, गाडी कोण चालवतं?"

"मीच. दुसरं कोण?"

बाबांबरोबर आलेली आई स्टुलावर बसून भिंतीवरच्या पान्यांकडे भलतंच लक्ष देऊन बघत होती.

"आई?"

"मला काय विचारतेस? मी मागे बसते."

"मग अंगठ्याला हा घट्टा कसला? या गाडीची रेस अंगठ्यानेच देतात ना?"

तिने अंगठा झटकन मुठीत लपवला.

"तिला बोलू नकोस," बाबा म्हणाले. "मला हल्ली नीट दिसत नाही. वाटेतला दगड कुठला आणि सावली कुठली, कळत नाही. दादाला कळलं तर मळा बंद."

असा राग आला मला! बेल्टला नावं ठेवली, मला नावं ठेवली, पण लेकीला एवढं सांगवलं नाही. रडूही येत होतं, म्हणून पाना जरा जोरातच आपटला.

"आणि तू गं? ब्रेक दाबून रेस कशाला देतेस?"

"चढावर गाडी मागे घसरली तर? मागे हे असतात ना बसलेले."



नवा बेल्ट चढवला, पॅड बदलले आणि दादाला फोन करून सगळं खरं सांगितलं. तो आधी तापला, मग म्हणाला, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेतो. पण आईला चढ जमला तरच गाडी राहील. तू स्वतः बघून सांग."

मग गॅरेजमागच्या चढावर गेलो. आई पुढे, बाबा मागे. चढासाठी मी लो गिअर लावून दिला.

"रेस देत जा आणि ब्रेक सोड."

इंजिन घुमलं. आई ब्रेक सोडेना.

"सोड गं आई, बेल्ट जळेल!"

"घाई नको करूस मला!"

बाबांनी तिच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आयुष्यभर तिला गाडी कशी चालवायची ते सांगत आलेला हा माणूस हळूच म्हणाला, "मला काही दिसत नाहीये. तू नेशील तसं जाऊ."

आईने ब्रेक सोडला आणि गाडी चढायला लागली.