दुसरी म्हणून आणलेली मी

मी एक म्हातारी रानकोळीण आहे. मित्रांनो, तुमच्या घराच्या कोपऱ्यात जाळं विणते ती मी नव्हे. मी तळहाताएवढी, केसाळ आणि जमिनीत बीळ करून राहणारी. मोबाईलवर आम्हाला टॅरॅन्टुला म्हणतात. मला डोळे आठ आहेत, पण दिसतं अगदी अंधुक. सगळं कळतं ते पायांवरच्या केसांनी. कोण चाललं, किती जड पावलांनी चाललं, दारापाशी थांबलं की पुढे गेलं, हे मला आतूनच समजतं. स्वभावानं मी संशयी आहे. तशी नसते तर एवढी वर्षं जगलेच नसते.

विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, आठ घरांची एक वाडी आहे. तिथल्या भातखाचराच्या बांधात माझा जन्म झाला. आम्ही शंभरावर भावंडं होतो. आईच्या बिळातून बाहेर पडले तेव्हा मी ज्वारीच्या दाण्याएवढी होते. काहींना मुंग्यांनी नेलं, काही कोंबड्यांनी टिपली. मी एका दगडाखाली बोटभर खळगा उकरला आणि तिथंच दडून राहिले. मग दर वर्षी कात टाकायची, थोडं मोठं व्हायचं, बीळ थोडं खोल करायचं. दाराशी रेशमाचा पातळ पडदा विणायचा. एखादा रातकिडा त्यात अडखळला की झडप घालायची आणि पुन्हा आत. असे चौदा पावसाळे गेले.

त्या बांधावरून वाडीतली कोंडाबाई रोज शेळ्या घेऊन जायची. तिचा डावा पाय हलका पडतो आणि उजवा जड. एकदा गवत कापताना तिला मी दिसले. आता विळा पडणार असं मला वाटलं. पण ती वाकून म्हणाली, "ऱ्हा बाय, हितंच ऱ्हा. खाचरातलं किडं खा." आणि शेळ्यांना हाकारत पुढे गेली. कौतुक म्हणावं तर एवढंच माझ्या वाट्याला आलं. तरीही पुढचा आठवडाभर मी दाराशी फिरकले नाही. गोड बोलली म्हणून काय झालं?

मग यंदाच्या माघ महिन्यात एक अनोळखी चाल आली. जड बूट, आणि दर चार पावलांवर थांबणं. वाडीतली माणसं शेळ्यांमागे निघून गेली की हा यायचा. पहिल्या दिवशी लांबच्या बिळाशी कुदळीचे दणके बसले. दुसऱ्या दिवशी त्याहून जवळ. मी मातीनं दार बुजवून घेतलं आणि तळाशी जाऊन बसले. त्या वेळी माझ्या पोटात अंडी होती. तिसऱ्या दिवशी दार फुटलं आणि वरून पाणी आलं. त्यानं बाटली उपडी केली होती. जीव गुदमरला म्हणून वर आले, तर मागून गवताची काडी टोचली आणि समोर प्लास्टिकचा डबा होता. बांधाच्या मातीचं एक ढेकूळही माझ्याबरोबर आत आलं आणि झाकण बसलं. डब्याला श्रीखंडाचा वास येत होता.

त्या माणसाचं नाव प्रद्युम्न. वरवे बुद्रुकला त्याची भाड्याची खोली होती आणि खोलीत डब्यावर डबे रचलेले. मला त्यानं अंधारात ठेवलं. दोन आठवडे ना किडा, ना पाण्याचा थेंब. फोनवर मात्र त्याचं बोलणं फार गोड. "घरीच जन्मलेली आहेत सगळी, मॅडम. तिसरी पिढी आहे ही." असं बोलताना त्याचा पाय जमिनीवर सारखा नाचत असे. तो ठोका मला मुळीच आवडला नाही.

एके सकाळी त्यानं माझा डबा बर्फाच्या बादलीत ठेवला. पाय आखडले, अंग दगडासारखं झालं. तसंच मला गाडीवर घालून तो भोरला एका घरी घेऊन आला.

त्या घरात अश्लेषा आणि तिची आई नलू राहत. अश्लेषा घरांचे नकाशे काढायची नोकरी करते. वर्षभरापूर्वी तिनं पहिली कोळीण पाळली होती, जाई नावाची. पुण्यातल्या एका पाळणाऱ्याच्या घरी, काचेच्या पेटीतच ती जन्मली होती. तिचे कागद होते, ती घरातच वाढल्याचा पुरावा म्हणून तिच्या टाकलेल्या काती पाकिटात जपलेल्या होत्या. आता अश्लेषाला दुसरी हवी होती.

प्रद्युम्ननं टेबलावर तीन डबे मांडले.

"खोलीवर येऊन बघते म्हटलं तर तुम्ही नको का म्हणालात?" नलूनं आधीच विचारलं.

"जनावरं बिचकतात, काकू."

"जनावरं बिचकतात, की तुम्ही?"

"आई!" अश्लेषा म्हणाली आणि पहिल्या डब्यावर वाकली. त्यात झाडावर राहणारी निळसर कोळीण होती.

"ही विजेसारखी पळते," प्रद्युम्न म्हणाला.

"मग नको. मला एकच वर्ष झालंय. झाकण उघडल्या उघडल्या हातावर चढली तर मी काय करणार?"

दुसऱ्या डब्यात नखाएवढं पिल्लू होतं. तिला ते आवडलं होतं. पण तो घाईनं म्हणाला, "याला मोठं व्हायला चार-पाच वर्षं. मध्येच मेलं तर तुम्हीच हळहळाल. ही तिसरी बघा. मोठी आहे, जमिनीवरची आहे आणि एकदम शांत. दुसरी म्हणून हीच न्या." त्यानं ब्रशनं माझा पाय हलवून दाखवला. मला तो मागे ओढतासुद्धा येईना.

"डबा एवढा गार कसा?" अश्लेषानं विचारलं.

"गाडीवर वारा लागला ना, मॅडम."

आणि मित्रांनो, तिनं मलाच निवडलं.

तासाभरानं अंगात ऊब आली. अश्लेषानं चिमट्यात धरून किडा पुढे केला, तशी मी पुढचे दोन्ही पाय उभारले आणि चिमट्यालाच चावले. ती दचकून दोन पावलं मागे सरकली.

"ही शांत?" नलू म्हणाली.

अश्लेषानं मला मोठ्या पेटीत सोडलं. खाली माती, कोपऱ्यात झाडाची साल, पाण्याची वाटी. मी कशालाच शिवले नाही. त्या मातीला मुंग्यांचा वास नव्हता. जमिनीखालून कोणाची चाल येत नव्हती. शेजारच्या पेटीत जाई होती. तिची टपटप टेबलातून मला कळायची. ती चिमट्यातला किडा सरळ घेऊन खायची, माणूस जवळ आला तरी जागची हलायची नाही. मला तिचाही संशय आला. खरं तर तिचा दोष काय? तिनं कुदळीचा दणका कधी ऐकलाच नव्हता.

चौथ्या दिवशी अश्लेषा माझा जुना डबा धुवायला घेऊन बसली. तळाशी लाल मातीचं ढेकूळ होतं. तिनं ते कागदावर फोडलं आणि भिंग लावलं.

"आई, इकडे ये. हे काय आहे?"

नलू वाकली. "शेळीची लेंडी. आणि हे तिचेच केस."

"तिसऱ्या पिढीची, घरात जन्मलेली कोळीण, आणि तिच्या मातीत शेळीची लेंडी?"

अश्लेषानं तिथंच प्रद्युम्नला फोन लावला आणि आईला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावून मोबाईल माझ्या पेटीशेजारी ठेवला. तिचा आवाज अगदी साधा होता.

"ही फार आवडली. हिच्यासारख्याच आणखी दोन हव्यात. एकाच आईच्या."

"मिळतील की, मॅडम! रविवारपर्यंत थांबा. विंझरच्या वर एक चक्कर टाकतो आणि आणतो."

"विंझरच्या वर? तुमच्या घरी जन्मतात ना?"

"तिकडं माझा मित्र पाळतो."

"नाव सांगा मित्राचं."

फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

अश्लेषा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "पोट बघ हिचं," ती म्हणाली. "अंडी असणार. आई, त्यानं हिला उकरून काढली ती माझ्यासाठी."

"तुला कुठं माहीत होतं?"

"मी विचारलं कुठं? डबा गार का म्हणून विचारलं, आणि तो म्हणाला ते मानून घेतलं. मला मोठी हवी होती ना."

दुसऱ्या दिवशी तिनं वनखात्याच्या ऑफिसला फोन केला. नूतन नावाची वनरक्षक घरी आली. तिनं मला पाहिलं, जाईचे कागद पाहिले आणि अश्लेषाकडेही तशाच नजरेनं पाहिलं असावं, कारण तिचा आवाज कोरडा होता. "तुम्ही मागता म्हणून तो उकरतो ना, ताई?"

"हो," अश्लेषा म्हणाली. तिनं झालेलं सगळं लिहून दिलं.

"हिला कुठंही सोडायची नाही," नूतन म्हणाली. "जिथून काढली तिथंच गेली पाहिजे. बांध शोधावा लागेल."

रविवारी अश्लेषा, नलू आणि नूतन अशा तिघी निघाल्या. माझ्या डब्यावर ओलं फडकं होतं. विंझरच्या पुढे त्या दोन वाड्यांवर विचारत फिरल्या. कुणी सांगेना, उलट त्यांनाच प्रश्न. तिसऱ्या वाडीच्या बांधावर त्या चढल्या आणि समोरून एक चाल आली. डावा पाय हलका, उजवा जड.

"थांबा तितंच!" कोंडाबाईची काठी जमिनीवर आपटली. "आता काय उकराय आलायसा? सात भोकं पाडली त्या मोटरसायकलवाल्यानं. आमची मान्सं म्हनत्यात, धन हुडकतोय. म्या म्हनलं, आमच्या बांधात कसलं आलंय धन?"

अश्लेषानं फडकं काढलं. कोंडाबाई वाकली.

"अगं बाय! ही? हिच्यापायी बांध फोडला? लई वर्सं हितं ऱ्हात व्हती ही." मग तिचा आवाज बदलला. "आन् तू त्याच्यातली न्हाईस कशावरनं? वर्दीवाली बाई संगं आनली म्हंजी झालं व्हय?"

नूतन पुढे होऊन बोलू लागली, पण अश्लेषानं तिला थांबवलं.

"त्याच्यातलीच आहे, मावशी. हिला मीच विकत घेतली. परत द्यायला आले आहे."

कोंडाबाई वळली आणि घरातून पहार घेऊन आली.

"तिचं भोक त्या दगडापाशी व्हतं. पर आता ढासळलंय."

तिनं दगडाखाली तिरकी पहार मारून नवं भोक केलं. अश्लेषानं डबा त्याच्या तोंडाशी आडवा ठेवला आणि झाकण काढलं. मी हलले नाही. समोर अंधार होता, मागे चार माणसं होती. एवढं सगळं झाल्यावर मी कशाला विश्वास ठेवू? ऊन सरकलं. नलू म्हणाली, "काडीनं जरा ढकलू या का?"

"नगा," कोंडाबाई म्हणाली. "शेळीसुदिक नव्या दारातनं लगीच आत जात न्हाई. तुमी हितनं लांब व्हा."

त्या लांब गेल्या. पावलं पुसट झाली, मग थांबली. तेव्हा मला मुंग्यांचा वास आला. मी एक पाय बाहेर टाकला, मातीला लावून पाहिला, आणि आत गेले.

चैत्रात मी अंड्यांचं गाठोडं विणलं आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत पोटाशी धरून बसले. शंभरावर होती. त्यातली पाच-सहा याच बांधात तगली आहेत. सात बिळांपैकी सहा मात्र अजून रिकामी आहेत. त्या सहा जणी कोणाच्या टेबलावर आहेत, की डब्यातच संपल्या, मला माहीत नाही. नूतन अधूनमधून येते. वरव्याची ती खोली रिकामी सापडली आणि प्रद्युम्नचा शोध चालू आहे, असं तिनं कोंडाबाईला सांगितलं. त्यामुळे रस्त्याला मोटरसायकल थांबली की मी तळाशी जाते, आणि वरून कोंडाबाईची हाक येते, "कोन हाय रं तितं?"

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला कोळी पाळायचा असेल, एक झाल्यावर दुसरा आणायचा असेल, तर माझं एक ऐका. मोठा आहे का, शांत आहे का, हे नंतर बघा. आधी तो जन्मला कुठं ते विचारा. त्याची आई बघायला मागा. विकणारा जागा दाखवत नसेल, कात दाखवत नसेल, तर रिकाम्या हातानं परत जा. पिल्लू लहान आहे, वाढायला वर्षं लागतील, म्हणून त्याला नाकारू नका. आणि रानातलं बीळ दिसलं तर त्यात पाणी ओतू नका, काडी घालू नका. आत कोणीतरी श्वास धरून बसलेलं असतं.

पाऊस सरल्यावर अश्लेषा एकदा वाडीवर आली होती. पुण्याच्या त्याच पाळणाऱ्याकडून तिनं नखाएवढं पिल्लू आणलं आहे, असं ती कोंडाबाईला सांगत होती. त्याची आई तिनं स्वतः पाहिली होती. मग ती एकटीच बांधावरून चालत आली. दहा पावलांवर थांबली. मी पडद्यामागे पाय आवळून वाट पाहत राहिले, की आता ही जवळ येईल, वाकेल, मोबाईल काढेल. ती आली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि हलक्या पावलांनी परत गेली.

त्या दिवशी ती मला आवडली.